दर्याला नारळ, धंद्याला मुहूर्त

श्रावणी पौर्णिमेला दुपारी तीननंतर मालवणच्या बंदरावर पाय ठेवायला जागा नसते. जेटीच्या तोंडाशी नारळांचे ढीग, त्यामागे खाजा-लाडवांची दुकानं, फुगेवाले, खेळणीवाले, आणि कुडाळ-कणकवलीहून एसटीने आलेली माणसं. पहिल्यांदाच आलेला पाहुणा आधी किल्ल्याची चौकशी करतो. सिंधुदुर्ग समोरच दिसतो आहे, तटावरची माणसं ओळखू येतील इतका जवळ. होडी कुठून सुटते? त्याला सांगण्यात येतं, एक सप्टेंबरनंतर या. २६ मे ते ३१ ऑगस्ट या काळात किल्ल्याची प्रवासी वाहतूक बंद असते, आणि पौर्णिमा बहुतेक वर्षी या मुदतीच्या आतच येते.

गंमत अशी, की हा सण समुद्र खुला झाल्याचा. बंदर खात्याच्या हिशेबी मात्र तो अजून बंदच असतो. मत्स्यव्यवसाय खात्याला विचारलं तर तो ३१ जुलैच्या मध्यरात्रीच उघडलेला असतो. एकाच पाण्याला उघडण्याच्या तीन तारखा, आणि तिन्ही एकमेकींना न विचारता चालतात. त्यांतली सगळ्यांत जुनी नारळी पौर्णिमा. आज तिच्यावर लिहायचं म्हटलं की कोळीनृत्य, भरजरी लुगडी आणि नारळीभात एवढ्यावर काम भागवलं जातं. त्या सगळ्याला जागा आहे. पण काही शतकं ही तिथी किनाऱ्याच्या कामकाजाची तारीख होती, आणि ती पाळणाऱ्यांत जाळं टाकणाऱ्यांइतकाच माल लादणाराही होता, हे त्यात हरवतं.

याचा एक चांगला पुरावा सुरतेहून मिळतो. जॉन ओव्हिंग्टन हा इंग्रज पाद्री १६८९ साली इंग्लंडहून निघाला आणि पुढे तिथल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या वखारीत आला. त्याचं प्रवासवर्णन १६९६ मध्ये लंडनला छापून निघालं. पावसाळा सरताना सुरतेचे बनिये खवळलेल्या समुद्राला शांत करण्यासाठी सोनेरी मुलामा दिलेले नारळ पाण्यात टाकतात, तेही भरपूर टाकतात, असं त्याने लिहून ठेवलं आहे. पाद्रीबुवांना ही भोळी समजूत वाटली. त्यांच्या नोंदीत आपल्या कामाचं आहे ते नारळ टाकणाऱ्यांचं नाव. ते कोळी नव्हते, सावकार होते. ज्यांचं कापड, नीळ आणि मसाले तांबड्या समुद्राच्या आणि इराणच्या बंदरांकडे जायचे, ज्यांचा पैसा चार महिने गोदामात अडकून पडायचा, त्यांना दर्या कधी निवळतो याची काळजी मच्छीमारापेक्षा कमी नव्हती. आजही कोळीवाड्याच्या मिरवणुकीत सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ डोक्यावर मिरवला जातो. त्याला ‘सोन्याचा नारळ’ म्हणतात. निदान सव्वातीनशे वर्षांपूर्वी सुरतेच्या धक्क्यावर त्याचा भाऊबंद पाण्यात पडत होता, एवढं ओव्हिंग्टनच्या कृपेने नक्की सांगता येतं.

चार महिने सगळं थांबवणं भागच होतं. मृगाच्या आसपास नैर्ऋत्येचा वारा थेट किनाऱ्यावर आदळू लागला, की शिडाच्या गलबताला समुद्राकडे सरकायला वावच उरत नाही. वारा त्याला खडकाकडेच रेटतो. खाड्यांच्या मुखाशी वाळूचे बांध आणि त्यांवर फुटणाऱ्या लाटा, त्यामुळे आत शिरणंही जिवावरचं. या मोसमाच्या तोंडाला कोकणात आगोट म्हणतात. आगोटीपूर्वी घरात सुकी मासळी, मीठ, मिरची, लाकूडफाटा भरून ठेवायचा आणि होड्या वर ओढायच्या. त्या किनाऱ्यावर घेऊन ओंडक्यांवर उचलून ठेवतात आणि माडाच्या झापांनी शाकारतात. आता झापांच्या जागी बहुतेक ठिकाणी निळं प्लास्टिक आलं आहे, पण क्रियापद शाकारण्याचंच राहिलं.

मराठ्यांच्या आरमारालाही हाच नियम होता आणि तो कागदावर आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेल्या, १७१५ च्या सुमाराच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. पावसाळ्याआधी, दर्या खवळायच्या आत गुराबा आणि गलबतं बंदरात आणून छावणी कशी करावी, हे त्यात तपशिलाने सांगितलं आहे. ती किल्ल्याच्या आश्रयाने करावी. शिवाय दर वर्षी एकाच बंदरात करू नये, कारण आरमाराचे लोक चार महिने रिकामे बसले की आसपासच्या रयतेला त्यांचा उपद्रव होतो. हे वाचून हसू येतं, पण लिहिणाऱ्याने खलाशी जवळून पाहिले होते यात शंका नाही. त्याच प्रकरणात जहाजासाठी आंबा-फणसाचं झाड मालकाच्या राजीखुशीवाचून तोडू नये, अशीही ताकीद आहे. आरमार म्हणजे नुसत्या तोफा नव्हेत. लाकूड, माणसं, गावं आणि हवामान यांचा वर्षभराचा हिशेब होता. छावणी मोडून जहाजं पुन्हा पाण्यात लोटण्याचा क्षण हा त्या हिशेबाचा पहिला दिवस.

मालवणची परंपरा सांगणारे लोक इथेच शिवाजी महाराजांचं नाव घेतात. समोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाच्या बांधकामाला १६६४ च्या नोव्हेंबरात सुरुवात झाली आणि सुमारे तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. पाया घालण्यापूर्वीची पूजा ज्या खडकाजवळ झाली तो मोरयाचा धोंडा आजही किनाऱ्यावर आहे. त्यावर गणपती, चंद्र, सूर्य आणि शिवलिंग कोरलेलं दिसतं. किल्ल्यात शिवराजेश्वराचं देऊळ आहे. चहूबाजूंनी खारं पाणी असून दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरींना गोडं पाणी आहे. पौर्णिमेला या किल्ल्यावरून महाराजांच्या काळापासून सोन्याचा नारळ सागराला अर्पण होत असे, असं मालवणात सांगतात. नारळ सोन्याचा होता की सोन्याने मढवलेला, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. क्रम महत्त्वाचा आहे आणि तो आजही मोडत नाही: किल्ल्यावरचा मानाचा नारळ आधी पाण्यात पडायचा, मग बंदरावरच्यांनी आपापले टाकायचे.

मध्ये राज्यकर्ते बदलले. १७६५ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला, त्याचं नाव ‘फोर्ट ऑगस्टस’ ठेवलं आणि वर्षभरात तो कोल्हापूरकरांना परतही केला. १८१२ च्या तहाने मालवण कायमचं इंग्रजांकडे गेलं. मालवणी माणसाच्या तोंडी ऑगस्टस काही बसला नाही.

इंग्रज या दिवसाला ‘कोकोनट डे’ म्हणत आणि मुंबईत तो जोरात साजरा होई. पण एकोणिसाव्या शतकात किनाऱ्याचं चित्र बदलत होतं. गलबतं, मचवे, पडाव, फत्तेमाऱ्या होत्याच. त्यांतून मंगळुरी कौलं, मीठ, सुंभ, खोबरं, लाकूड यांची ने-आण चालायची. त्यांच्या जोडीला आगबोटी आल्या. मुंबईहून निघालेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्लं करत पणजीला जायची. बोट खोल पाण्यात उभी राहायची, आणि उतारू ट्रंका, बोचकी, पोरंबाळं यांसह पडावात उतरायचे. पावसाळ्यात ही लांब पल्ल्याची सेवा बंद. मग कोकणातल्या माणसाला मुंबई गाठायची तर घाट चढून कोल्हापूरवरून जायचं. नारळी पौर्णिमेपासून गणेश चतुर्थी एकोणीस तिथींवर असते. बोट कधी सुरू होते याकडे गिरगाव-परळमधले चाकरमानी डोळे लावून बसायचे ते याचसाठी.

इंजिन आलं म्हणून समुद्र मवाळ झाला नव्हता. मुंबई बंदर ते रेवस हा प्रवास तसा बंदराच्या आतला, म्हणून तो पावसातही चालायचा. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येच्या सकाळी, भाऊच्या धक्क्यावरून निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. अमावास्येची सुट्टी घरी घालवायला निघालेले अलिबाग-पेणकडचे लोक त्यात बरेच होते. स्वातंत्र्य महिन्याभरावर आलेलं असताना रायगडमधली कितीतरी गावं सुतकात होती. समुद्राने पावसाळ्यात दिलेला हा दणका किनाऱ्यावर आजही सालासकट सांगितला जातो.

मच्छीमारांकडे वळू. मालवण-देवगड-वेंगुर्ल्यात गाबीत, रत्नागिरीकडे खारवी, भंडारी आणि दालदी, रायगड-मुंबईत सोनकोळी, उत्तरेला मांगेला आणि वैती. दालदी मुसलमान आहेत, मुंबई-वसईच्या कित्येक कोळीवाड्यांत ख्रिस्ती कोळी आहेत. होडी सगळ्यांची आगोटीतच वर येते. पौर्णिमेआधीचे पंधरा दिवस किनाऱ्यावर मुख्य काम डागडुजीचं. पूर्वी तागाचं आणि सुताचं जाळं असायचं, ते कुजू नये म्हणून सालींच्या काढ्यात उकळून रंगवायला लागायचं. नायलॉन आल्यावर ते काम संपलं. होडीच्या फळ्यांच्या सांध्यांत कापूस भरून तेल-राळ लावण्याचं कामही फायबरच्या होड्यांनी बरंच कमी केलं. आता पोरं इंजिन उघडून बसलेली दिसतात. सणाच्या दिवशी होडीला रंग, नाळेला हार, घरात नारळाच्या करंज्या आणि नारळीभात. ‘नारळ दिल्याशिवाय होडी दर्यात घालूची नाय’ हे मालवणी घरात लहानपणापासून कानावर पडतं.

तरी मालवणच्या बंदरावरची खरी झुंबड पूजेला नसतेच, ती नारळ लढवायला असते. खेळ साधा आहे. सोललेला, शेंडी ठेवलेला नारळ एकाने तळहातात घट्ट धरायचा, दुसऱ्याने आपला नारळ त्यावर हाणायचा. ज्याचा फुटेल तो हरला, आणि फुटलेला नारळ जिंकणाऱ्याचा. कौशल्य सगळं निवडीत. खेळाडू ढिगाजवळ उकिडवा बसतो, एकेक नारळ उचलतो, कानाजवळ नेऊन हलवतो, बोटाच्या पेराने टकटक करतो. मोठा आणि पाण्याने भरलेला नारळ नवशिक्याला भुलवतो. जाणता माणूस बेताच्या आकाराचा, जाड कवटीचा, वजनाला दणकट असा शोधतो. धरताना तीन डोळ्यांची बाजू तळव्यात लपवायची, कारण तिथे कवटी कच्ची. मारतानाही नारळाचा कोणता भाग पुढे करायचा यावर प्रत्येकाचं स्वतःचं शास्त्र असतं आणि ते दुसऱ्याला सांगितलं जात नाही. एका नारळावर आठ-दहा फोडणारा वीर निघाला की त्याच्याभोवती कडं जमतं, पैजा लागतात, कोणीतरी तो नारळ तपासायला मागतो, आत काही भरलंय का म्हणून. फुटलेल्यांची पिशवी भरून घरी गेली की आठवडाभर वड्या, सोलकढी आणि वाटपाची चैन.

हा खेळ बराच काळ पुरुषांचा होता. बायका दुकानांच्या बाजूने उभ्या राहून बघायच्या. गेल्या काही वर्षांत मालवणात खास महिलांसाठी नारळ लढवण्याच्या स्पर्धा होऊ लागल्या. मांडव, ध्वनिक्षेपक, पंच, बक्षिसं असा थाट असतो आणि गर्दीही तिकडे जास्त असते. जुनी मंडळी म्हणतात की ही परंपरा नव्हे. खरं आहे, नव्हती. पण मिक्सर येण्यापूर्वी घरातले सगळे नारळ फोडून, खवून, वाटून काढले कोणी, हा प्रश्न त्यांना विचारायला हरकत नाही.

मुंबईतला सण वेगळ्या वाटेने गेला. वरळी, माहीम, वेसावे, मढ इथल्या कोळीवाड्यांत मिरवणुका निघतात, बँड वाजतो, बायका अंगभर दागिने घालून पुढे असतात, आणि छायाचित्रकार त्यांच्याही पुढे असतात. चित्रपट, दूरदर्शन आणि शाळांची स्नेहसंमेलनं यांनी कोळीवाड्याचं एक ठरीव रूप महाराष्ट्रभर पोचवलं. नारळी पौर्णिमा म्हणजे कोळ्यांचा सण हे समीकरण पक्कं झालं ते बरंचसं त्यामुळे. त्याच कोळीवाड्यांचा किनारा मात्र आखडत गेला. सागरी किनारा मार्ग होताना वरळीच्या मच्छीमारांना पुलाच्या दोन खांबांत होडी सुखरूप जाण्याइतकं अंतर मागण्यासाठी झगडावं लागलं. आधी साठ मीटर ठरलेलं ते अंतर अखेर एकशे वीस मीटर करण्याचं मान्य झालं.

आता राहिली कायद्याची तारीख. यांत्रिक नौका वाढल्या, आणि पावसाळ्यात समुद्रात जाणं धाडसाचं असलं तरी शक्य झालं. पापलेट, कोळंबी, बांगडा यांच्या अंडी घालण्याच्या आणि वाढीच्या काळाशी आगोटीचे महिने बरेच जुळतात, त्यामुळे निसर्गाने लावलेली बंदी आता सरकारला लावावी लागली. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा. त्याखाली पुढे जी पावसाळी बंदी आली तिची मुदत वाचण्यासारखी होती: १० जून ते १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांपैकी जे आधी येईल तोवर. मंत्रालयातल्या कोणा कारकुनाने टंकलिखित केलेल्या आदेशात चंद्राची तिथी जाऊन बसली होती. महाराष्ट्राच्या प्रशासनाने इतका समजूतदार मसुदा फार वेळा केलेला नाही.

तो टिकला नाही. शेजारच्या राज्यांच्या तारखा वेगळ्या, आणि मासळीला राज्याची हद्द कळत नाही. एकीकडच्या होड्या किनाऱ्यावर बसलेल्या असताना दुसरीकडचे ट्रॉलर त्याच पाण्यात शिरायचे. म्हणून पश्चिम किनाऱ्याला सरसकट १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी आली, आणि २०१५ पासून महाराष्ट्रही तीच पाळतो. बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना तिच्यातून सूट आहे. कारभाराच्या सोयीचा विचार केला तर निर्णय पटतो. परिणाम मात्र विचित्र झाला. २०२० साली पौर्णिमा ३ ऑगस्टला होती, बंदी उठल्यावर तिसऱ्याच दिवशी. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि ती ३० ऑगस्टला गेली. कायद्याने समुद्र खुला होऊन महिना लोटला होता, डिझेल भरलेल्या बोटी फेऱ्या मारत होत्या, आणि नारळ अजून घरात होता. ज्याच्याकडे मोठी बोट आहे त्याला १ ऑगस्टला थांबणं परवडत नाही, कारण खलाशांचा पगार आणि बँकेचा हप्ता पौर्णिमेची वाट बघत नाहीत. छोट्या होड्यांचे अनेक मालक नारळापर्यंत थांबतात. मच्छीमार संघटना बंदी १५ ऑगस्टपर्यंत तरी न्यावी अशी मागणी अधूनमधून करतात. ही रस्सीखेच एकटी नाही. पर्ससीन जाळ्यांवर २०१६ मध्ये आलेले निर्बंध, एलईडी दिव्यांच्या मासेमारीवरची बंदी, किनाऱ्यावरून गावाने मिळून ओढायच्या रापणीला उरलेली मासळी, अशी त्याच भांडणाची बाकीची टोकं मालवणात रोज ऐकायला मिळतात.

या सगळ्यात मालवणचा व्यापारी बंदरावर काय करतो, हा प्रश्न उरतो. त्याचा माल आता समुद्रातून येत नाही. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण झाली, महामार्ग त्याआधीपासून आहे, आगबोटी बंद होऊन पिढी उलटली. तरी पौर्णिमेला बाजारपेठेतले दुकानदार वाजतगाजत बंदरावर येतात, किल्ल्यावरचा नारळ अर्पण झाल्यावर आपला टाकतात आणि मग दुकानं उघडायला परत फिरतात. सुरतेच्या बनियांसारखं त्यांचं गलबत अडकलेलं नसतं, पण पैसे अडकलेले असतात. आगोटीत मच्छीमाराच्या घरी रोकड नसते. जून-जुलैचं तांदूळ-तेल, पोरांच्या वह्या, जाळ्याचा दोरा हे सगळं उधारीवर जातं, आणि ती उधारी मासळी येऊ लागली की फिटते. त्यात चतुर्थी तीन आठवड्यांच्या आत आलेली. मखर, रंग, कपडे, किराणा यांची वर्षातली सगळ्यांत मोठी खरेदी त्याच घरांतून व्हायची असते. सुरमई आणि बांगडा बरा लागला तर वहीतली जुनी पानं कोरी होतात. नाही लागला तर दुकानदार गणपतीचं सामानही मांडूनच देतो, आणि हिशेब दिवाळीवर जातो.